माझ्या सहीचे विद्यार्थी

७ जानेवारी, मंगळवार

नवी बॅच सुरू झाली. नदी गोठलीय, निम्म्या डेव्हनपोर्टच्या गाड्या सुरू होत नाहीयेत, तरी अकराच्या अकरा जण हजर. घरं विकायचा परवाना हवा तर राज्याची अट आहे: मान्यता असलेल्या शाळेत साठ तास बसायचं, मग परीक्षा. साठ तास म्हटलं की सगळे तोंड वाकडं करतात. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकते, "केस कापायच्या परवान्याला याच्या कितीतरी पट तास लागतात. आणि वाईट कापलेले केस निदान परत वाढतात तरी." आजही हशा झाला.

क्लिफ्टन म्हणून एक ट्रकवाला आहे, पाठीने दगा दिला म्हणून ट्रक सोडलेला. म्हणाला, "बाई, वीस वर्षं बसूनच काढली मी. फक्त इथे खिडकीबाहेरचं काही हलत नाही, एवढाच फरक."

शेवटच्या रांगेत मार्सी लिंडक्विस्ट. तिशीची, शांत, बारीक अक्षरात टिपणं घेणारी. काय करतेस विचारलं तर म्हणाली, "सरकारी कचेरीत आहे. जरा माणसांत येऊन बसावंसं वाटलं." असे विद्यार्थी मिळाले की शिकवायला हुरूप येतो.

रॉयस डोनट घेऊन आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "या बाईंनी मला आठवीत नागरिकशास्त्र शिकवलं. आज मी जो काही आहे तो यांच्यामुळे." निवृत्तीनंतर मी घरात नुसती येरझाऱ्या घालत होते, तेव्हा यानेच दार वाजवलं होतं. त्याच्या शाळेत शिकवायला लागून पाच वर्षं झाली.

घरी येऊन नवऱ्याला, लाइलला, रॉयसचं बोलणं सांगितलं. तो म्हणाला, "तू अजून त्याला पोरगाच समजतेस अर्लीन. पन्नाशीचा बाप्या आहे तो."

१६ जानेवारी, गुरुवार

बोटांची हाडं थंडीत फार दुखतात. खडू धरवत नाही. वर्ग सुटल्यावर मार्सी फळा पुसायला थांबली. गुणी मुलगी.

म्हणाली, "बाई, एवढी बोटं दुखतात, मग शेवटी सगळ्यांच्या सर्टिफिकिटांवर सह्या कशा करता?"

मी म्हटलं, "मी कशाला करते! रॉयसने माझ्या सहीचा शिक्का करून घेतलाय. गव्हर्नरचा असतो तसा."

ती हसली. "मग शिक्का तुमच्याकडे असतो?"

"नाही गं, त्याच्या टेबलाच्या खणात. मी पडले विसरभोळी."

"आणि शनिवारची बॅच? तीसुद्धा तुम्हीच घेता?"

शनिवारी बॅचच नसते, मी सांगितलं. तिने फोनवर चौकशी केली तेव्हा शनिवारची म्हणाले होते म्हणे. रॉयसला विचारलं तर म्हणाला, "अहो बाई, फोनवरची पोरगी नवीन आहे, काहीही सांगते."

२८ जानेवारी, मंगळवार

लाइलचं आपलं काहीतरी असतंच. दुपारी रॉयसच्या घरावरून आलो. अंगणात ताडपत्रीखाली नवी कोरी बोट. लाइलने गाडी हळू केली. "अकरा-अकरा जणांच्या बॅचवर एवढी बोट?"

"कष्टाळू आहे तो."

"कष्ट मीही केले. चाळीस वर्षं ट्रॅक्टरच्या कारखान्यात. मला वल्हंसुद्धा नाही मिळालं."

मग तो जरा वेळाने म्हणाला, "तुझा हात दुखतो तर मला सांगायचंस. मी मनगट धरलं असतं. सही कुणाच्या खणात ठेवतात का?" कुणाचंच चांगलं बघवत नाही या माणसाला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मार्सी आली नाही. एकही तास न चुकवलेली मुलगी. दिलेल्या नंबरवर फोन केला, कुणी उचलला नाही. फ्लूची साथ आहे. तिच्यासाठी आजची टिपणं वेगळी काढून ठेवली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मार्सी अजून नाही. क्लिफ्टन म्हणतो, "नवरा मिळाला असेल बाई. व्हॅलेंटाइन तोंडावर आलाय." मला मात्र काळजी वाटते. एकटी राहणारी दिसत होती.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कोट न काढताच लिहायला बसले.

संध्याकाळी गेले तर कार्पेटच्या दुकानावरच्या आमच्या जिन्यात सगळा वर्ग कोट घालून उभा. दाराला नोटीस, घरविक्रीचे परवाने देणाऱ्या राज्याच्या आयोगाची. शाळेची मान्यता तातडीने स्थगित, सुनावणी होईपर्यंत वर्ग बंद. आत दोन माणसं रॉयसच्या खोलीतून खोकी भरत होती.

मी म्हटलं, "मी इथली शिक्षिका आहे. काय चाललंय?"

त्यातल्या एकाने नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने खोकं खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू फोटोतून चालत बाहेर आलेय. "अर्लीन हेफ्ली? तुम्हीच?" म्हणाला. मग एकदम अदबीने, "मॅडम, तुम्हाला आयोगाकडून कळवण्यात येईल."

काय कळवण्यात येईल? मी पस्तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं की आपल्याकडे आधी ऐकून घेतात, मग शिक्षा देतात.

क्लिफ्टनचा चेहरा बघवेना. "आमच्या तासांचं काय बाई? बसलो ते बसलोच ना आम्ही?"

मी म्हटलं, "बसलात. मी साक्षीदार आहे."

२२ फेब्रुवारी, शनिवार

रॉयस आला होता. डोळे सुजलेले. स्वयंपाकघरात बसून दोन कप कॉफी प्यायला. म्हणाला, मोठ्या शाळांना छोटी शाळा डोळ्यांत खुपते, कुणीतरी तक्रार केलीय. कागदपत्रांत बारीकसारीक चुका असतील, कुणाच्या नसतात?

"बाई, तुम्ही सुनावणीला या. फक्त खरं ते सांगा. तुम्ही कसं शिकवता ते."

"एवढंच?"

"एवढंच. तुमच्याकडे बघूनच त्यांना कळेल."

तो गेल्यावर लाइल म्हणाला, "त्याने एकदाही सांगितलं नाही, तक्रार कसली आहे ते."

खरंच, मी विचारलंच नाही. त्याची अवस्था बघून सुचलंच नाही.

१२ मार्च, बुधवार

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिताच येणार नाही.

सकाळीच राज्याच्या राजधानीला, देमॉइनला निघालो. लाइल गाडी चालवत होता, माझ्या मांडीवर लिंबाच्या वड्यांचा डबा.

"सुनावणीला वड्या?"

"माणसं दिवसभर बसणार. कॉफीबरोबर काही नको?"

लाइल काही बोलला नाही. ते त्याच्या स्वभावात नाही. तेव्हाच कळायला हवं होतं.

साधीच खोली. लांब टेबलामागे आयोगाचे पाच सदस्य. रॉयस निळा टाय लावून आलेला, मला मिठी मारली. मग राज्याच्या वकीलबाईंनी पहिल्या साक्षीदाराला बोलावलं. "मार्सी लिंडक्विस्ट, चौकशी अधिकारी."

दारातून आमची मार्सी आली.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहून ठेवते: बरी आहे तर, आजारी नव्हती. मी हातसुद्धा वर केला. तिने बघितलं, आणि नजर खाली घालून शपथेला हात वर केला. दोघींचे हात एकाच वेळी वर होते. मग मी माझा खाली घेतला.

तिने सगळं सांगितलं. कधी आली, कुठे बसली, मी काय बोलले. "शिक्षिकेने सांगितलं, की सहीचा शिक्का संचालकांच्या खणात असतो." गव्हर्नरचा विनोदसुद्धा सांगितला. सदस्यांपैकी कुणीही हसलं नाही. फळा पुसायला थांबली होती ती. मी तिच्यासाठी टिपणं काढून ठेवली होती.

मग त्यांनी शनिवारची बॅच काढली. अशी बॅच होती. फक्त ती कुणी घेत नव्हतं आणि तिला कुणी येत नव्हतं. जास्त फी भरा, परीक्षेची प्रश्नोत्तरं पाठ करायला घ्या, साठ तासांचं सर्टिफिकीट घरी येईल. दोन वर्षांत चाळीसच्या वर माणसं. प्रत्येकाच्या कागदावर शिक्षिका म्हणून एकच नाव.

माझं.

मला वाटलं, दुसरी कुणी अर्लीन हेफ्ली असेल. खरंच असं वाटलं. माणसाचं डोकं कुठे कुठे पळतं!

त्यातल्याच एका पोराला उभं केलं. ट्रेंट बॉसवेल, तेवीस-चोवीसचा, कॉलर सारखी ओढणारा. वकीलबाईंनी विचारलं, "तुमच्या शिक्षिका या खोलीत आहेत?"

त्याने मान वळवून सगळीकडे बघितलं. माझ्यावरून नजर गेली आणि पुढे निघून गेली. "माहीत नाही मॅडम. मी कुणाच्या वर्गात बसलोच नाही."

"अर्लीन हेफ्ली हे नाव ओळखता?"

"कागदावर होतं." त्याने परत कॉलर ओढली. "मला वाटलं असं कुणी नसेलच. शाळेने आपलं घालायचं म्हणून घातलेलं नाव असेल."

मी तिसऱ्या खुर्चीत बसले होते. त्याच्यापासून हाताच्या अंतरावर.

त्यानंतर लॅट्रीस हॉलोवे म्हणून एक बाई आली. दवाखान्यात कपडे धुण्याच्या विभागात काम करते. या ट्रेंटकडून तिने घर घेतलं, आयुष्यातलं पहिलं. शंभर वर्षांचं घर. ट्रेंट म्हणाला होता, जुनं म्हणजे दणकट. खिडक्यांच्या चौकटींवर जुना शिशाचा रंग होता, पापुद्रे सुटलेले. तिचा मुलगा एझ्रा, तेव्हा दीड वर्षाचा, खिडकीला धरून उभा राहायचा, बोटं तोंडात घालायचा. नंतर रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं; ते लहान मुलांच्या मेंदूवर जातं. ती म्हणाली, "वीसेक शब्द बोलायचा तो. ट्रक म्हणायचा, चंद्र म्हणायचा. आता बोट दाखवतो."

तिने आवाज चढवला नाही. रडली नाही. टाइप करणारी मुलगी मात्र मध्येच थांबली.

हा धडा मी शिकवते. पाचव्या आठवड्यात. प्रत्येक बॅचला. एजंटने जुन्या घराच्या वेळी काय सांगायचं, काय हातात द्यायचं, ते सगळं.

रॉयसच्या वकिलाला मी साक्षीला नकोशी झाले होते. राज्यानेच बोलावलं.

"शिक्का तुम्ही दिलात?"

"हो."

"तो कुठे कुठे वापरला जातो, कधी विचारलंत?"

"नाही."

"का नाही?"

मी म्हटलं, "तो माझा विद्यार्थी होता."

मी रॉयसकडे बघितलं. तो टेबलाखाली फोन बघत होता. मान खाली, खांदे पुढे. आठवीतही टेबलाखाली काहीतरी लपवून असाच बसायचा, आणि तेव्हा मी त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकावरून पकडायची.

मधल्या सुट्टीत कॉफीच्या मशीनपाशी उभी होते. तो डबा अजून हातात. लॅट्रीस हॉलोवे समोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, कॉफी हवी असेल. मी बाजूला झाले.

ती म्हणाली, "एक विचारू? तुम्ही त्या ट्रेंटला शिकवलं असतं, तर त्याने मला सांगितलं असतं का?"

माझं तोंड उघडलं. आतून काही आलंच नाही. तिने मान हलवली आणि ती निघून गेली.

मार्सी जिन्यात भेटली. "बाई, मी…" म्हणाली. मी म्हटलं, "तू छान टिपणं घ्यायचीस." मला ते टोचून म्हणायचं नव्हतं. टोचून ऐकू गेलं असावं. तिचे डोळे भरले.

येताना गाडीत लाइल एवढंच म्हणाला, "वड्या मी खाल्ल्या असत्या. कुठे गेल्या?"

मला माहीत नाही. डबा कुठेतरी राहिला.

१३ मार्च, गुरुवार

आज गुरुवार. वर्गाचा दिवस. संध्याकाळी कोट घालून दारापर्यंत गेले होते.

१७ मार्च, सोमवार

चाळीस माणसं. सारखं तेच डोक्यात. चाळीस माणसं या नदीच्या दोन्ही काठांना लोकांना घरं दाखवत फिरतायत, आणि प्रत्येकाला मी शिकवलंय. लाइल म्हणतो, "तू कुणाला फसवलं नाहीस." म्हणतो खरं. पण बोटीचं त्याला दिसलं होतं, आणि तो तर कधी त्या वर्गात पाय ठेवायलाही आला नाही.

रॉयसचा फोन आला. मला वाटलं माफी मागेल. म्हणाला, "बाई, काउंटीचा सरकारी वकील आता खटला भरणार म्हणतोय. माझ्या चारित्र्याबद्दल चार ओळी लिहाल? तुमच्या शब्दाला वजन आहे."

मी विचारलं, "रॉयस, त्या बाईंचा मुलगा बोलत नाही, हे तुला कधी कळलं?"

"म्हणजे?"

"सुनावणीत कळलं की आधी?"

तो म्हणाला, "बाई, त्याचा आणि माझा संबंध काय? घर काय मी विकलं?"

मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा फोन मध्येच ठेवला. एवढ्या वर्षांत मला हा आवाज ऐकू कसा आला नाही? तोच आहे. काही बदललेला नाही.

२१ मार्च, शुक्रवार

निकाल आला. शाळेची मान्यता कायमची रद्द. शनिवारच्या बॅचमधल्या सगळ्यांचे परवाने स्थगित, त्यांनी पहिल्यापासून साठ तास बसायचं. माझी शिकवण्याची मान्यता एका वर्षासाठी गेली, त्यानंतर शिक्षकांचा वर्ग नव्याने करायचा. लाइल अपील करू म्हणाला. मी नको म्हटलं. सही माझी होती.

दुपारी क्लिफ्टनचा फोन. एवढ्या मोठ्याने बोलत होता की लाइलला बाहेरच्या खोलीत ऐकू गेलं. "बाई, आमचे तास धरले! कॉलेजात जाऊन उरलेले पुरे करायचे फक्त!"

मी म्हटलं, "अरे, मी त्यांना लिहून दिलं होतं. तुम्ही सगळे बसलात म्हणून."

तो अवघडून म्हणाला, "ते त्यांनी… तुमचं नाही धरलं बाई. ती शेवटच्या रांगेतली, मार्सी. ती म्हणाली, मी स्वतः यांच्यात बसलेय, एकेक तास खरा आहे. ती होती तोवरचे सगळे धरले."

आपल्या वर्गात आपण शिकवलं, हे आपण सांगून चालत नाही. जी खोटं सांगून बसली होती तिचा शब्द चालला. आणि त्यात काही चूकही दाखवता येत नाही. मी प्रयत्न केला.

५ एप्रिल, शनिवार

लॅट्रीस हॉलोवेचा पत्ता सुनावणीत ऐकला होता, पण त्या घरात ती आता राहत नाही. दवाखान्यात निरोप ठेवला. तिचा उलट फोन आला तेव्हा मी जवळजवळ म्हणणार होते, काही नाही, चुकून केला. पुलापलीकडे रॉक आयलंडला मावशीकडे राहते ती. लाइल बाहेर गाडीत थांबला.

तिने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"उत्तर आणलंत?"

"नाही," मी म्हटलं. "मला माहीत नाही, एवढंच सांगायला आले. मी शिकवलं असतं तरी तो विसरला असता. किंवा लक्षात असूनही गप्प बसला असता. मी रोज विचार करते. मला खरंच माहीत नाही."

ती म्हणाली, "बाकी सगळ्यांना माहीत आहे म्हणे. माझ्या वकिलाला माहीत आहे. त्या रॉयस टेम्पलिनच्या वकिलाला पण. दोघांना वेगवेगळं." मग म्हणाली, "आत या. थंडी आहे."

एझ्रा फरशीवर बसून चमचे ओळीने लावत होता. मोठ्या डोळ्यांचा. माझ्याकडे बघितलं, माझ्या पर्सकडे बोट दाखवलं आणि परत चमच्यांकडे वळला.

लॅट्रीसने कॉफी ठेवली आणि समोर बसली. "वर्गात काय सांगता तुम्ही? घर जुनं असलं की? त्याला जे सांगायचं होतं ते मला सांगा."

"आता?"

"आता."

मग मी सांगायला लागले. फळा नाही, खडू नाही, हात कुठे ठेवावे कळेना. घर अठ्ठ्याहत्तर सालाआधीचं असलं, तर विकणाऱ्याने शिशाच्या रंगाबद्दल माहीत असलेलं सगळं सांगायचं. एजंटने ते सांगितलं जातंय ना हे बघायचं. सरकारचं एक पत्रक असतं, ते हातात द्यायचं.

"पत्रक नाही मिळालं," ती म्हणाली. "कसं असतं ते?"

"छोटं पुस्तक असतं. चित्रं असतात."

"पुढे?"

पुढचं वाक्य वर्गात मी भरभर सांगते. परीक्षेत हमखास येतं, खाली रेघ मारा, म्हणते. पाच वर्षं म्हणत आले. आज ते वाक्य तोंडाशी आलं आणि मला त्याचा अर्थ कळला.

"विकत घेणाऱ्याला दहा दिवस द्यायचे," मी म्हटलं. "करार पक्का व्हायच्या आधी. माणूस आणून तपासून घ्यायला. शिसं आहे का नाही ते."

तिचा कप हवेतच राहिला. "दहा दिवस?"

"हो."

"माझे?"

"तुमचे."

"त्याने मला विचारलं होतं, ताबा लवकर हवा ना? मी हो म्हणाले." ती हळूहळू बोलत होती, एकेक शब्द ठेवून. "मी त्याचे आभार मानले. त्याच्यासाठी केक नेला होता मी."

तिने खाली वाकून एझ्राला उचललं, मांडीवर घेतलं, त्याच्या दोन्ही हातांची बोटं आपल्या मुठीत धरली. मला वाटलं, आता ती मला जा म्हणेल. मी पर्स उचलली.

"बसा," ती म्हणाली. "पुढे सांगा."